मालखान्यातले तिखाडीचे तेल

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे मी विसरलो. काही मोठी होती, वर्तमानपत्रात आली होती, तीही विसरलो. पण ठाणेदार म्हणून पहिल्याच वर्षी केलेला एक छापा विसरू म्हटले तरी विसरता आला नाही. त्याची नोंद माझ्या सेवापुस्तकात होती आणि प्रत्येक नवे साहेब ते पान वाचून एकदा माझ्याकडे आणि एकदा कागदाकडे पाहत.

तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि वर्धा जिल्हा त्याच राज्यात होता. माझी नेमणूक केळझरच्या बाजूच्या एका लहान ठाण्यावर झाली. कौलारू इमारत, पुढे ओसरी, एका अंगाला कोठडी आणि दुसऱ्या अंगाला मालखाना, म्हणजे जप्त मुद्देमाल ठेवायची खोली. एक हवालदार, एक मुन्शी, सहा शिपाई. हवालदार माझ्या वडिलांच्या वयाचे. गुडघ्यांनी बेजार झालेले. ठाण्याच्या तीन पायऱ्या चढताना ते प्रत्येक पायरीवर थांबत आणि काहीतरी सरकारी काम आठवल्यासारखा चेहरा करत. मी नुकताच ट्रेनिंग संपवून आलो होतो. कलमे तोंडपाठ होती. जिल्ह्यात दारूबंदी होती, आणि नव्या ठाणेदाराला नाव मिळवायचे तर हातभट्टी पकडणे हा सगळ्यात जवळचा रस्ता होता.

दसरा होऊन चार-पाच दिवस झाले असतील, टपालाने एक निनावी पत्र आले. अक्षर वळणदार. मजकूर एवढाच: ‘टेकडीपलीकडच्या नाल्यावर एक बाई व तिचा नवरा भट्टी लावून बसले आहेत. माल बाटल्यांत भरून लवकरच नागपूरला रवाना होणार आहे. आपण कर्तव्यदक्ष आहात असे ऐकतो. एक हितचिंतक.’

‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द मी तीनदा वाचला. मग पत्र मुन्शीला दिले. त्याने आवक नोंदवहीत नोंद केली आणि पत्र आपल्या लोखंडी पेटीत ठेवले.

हवालदारांना विचारले. ते म्हणाले, “साहेब, त्या नाल्यावर दारूवाले बसत नाईत. वाट हाय तिथून. गुराखी येतात, लाकूडवाले जातात. दारू गाळनारा माणूस वाटेवर काऊन बसन?”

वीस-पंचवीस वर्षे त्याच भागात काढलेल्या माणसाचे हे मत होते. मी ते ऐकले आणि म्हणालो, “उद्या सकाळी सातला निघायचं.”

दोन पंच, हवालदार, तीन शिपाई आणि मी, असे आम्ही टेकडी चढलो. माथ्यावर पोहोचण्याआधीच वास आला. गुलाबाचा म्हणावा तर त्यात लिंबाची धार, आणि खाली ओल्या गवताचा दमट वास. शिपाई एकमेकांकडे पाहू लागले. हवालदार कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“साहेब, दारूचा असा वास येत असता तं बायकायनं दारूबंदी मागतलीच नसती.”

“वास झाकायलाच काहीतरी घातलं असणार,” मी म्हणालो. हे वाक्य मी पुढे पंचनाम्यातही लिहिले.

नाल्याच्या काठी तीन दगडांवर तांब्याची मोठी डेग चढवली होती. तिच्या झाकणातून बांबूचा नळा निघून एका लांब मानेच्या भांड्यात गेला होता आणि ते भांडे नाल्याच्या गार पाण्यात बुडवून ठेवले होते. शेजारी कमरेइतका गवताचा ढीग, तांबूस तुऱ्यांचा. एक चाळिशीची बाई विळ्याने पेंढी सोडत होती. तिचा नवरा डेगेखाली लाकूड सारत होता. त्याने आमच्याकडे पाहिले आणि दुसरे लाकूड सारले.

मी ओरडलो, “कोणी जागचं हलायचं नाही!”

“आमी कायले हलतो?” बाई म्हणाली. “तुमीच त्या धुरातून बाजूले व्हा. डोये चुरचुरतीन.”

डोळे चुरचुरतच होते. मी बाजूला झालो आणि विचारले, “हे काय चाललंय?”

“तिखाडीचं तेल काढून राह्यलो. शहरात रोशा म्हनतात. सांधे दुखतात त्यायले लावतात, साबनात घालतात, अत्तरवाले नेतात. गवत कापाची चिठ्ठी हाय जंगलखात्याची. पाहून घ्या.”

चिठ्ठी खरी होती. पण भट्टी होती, वाफ होती, नळा होता, बाटल्या होत्या. शिकवलेल्या चित्रात सगळे बसत होते. मी हवालदारांना माल चाखून खात्री करायला सांगितले. त्यांनी करंगळी बुडवून जिभेला लावली. त्यांचे तोंड आवळले, डोळ्यांतून पाणी आले आणि ते नाल्याकडे धावले. गुडघे दुखणारा माणूस असा धावलेला मी प्रथमच पाहिला.

“दारू आहे?” ते परत आल्यावर मी विचारले.

“साहेब, दारू असती तं मी आनखी एकदा चाखून पक्की खात्री केली असती.”

तरीही मी जप्ती केली. डेग, नळा, भांडे आणि गच्च भरलेल्या अकरा बाटल्या. पंचांनी सह्या केल्या. बाई तोवर हसण्यावारी नेत होती. डेग उचलली गेली तशी तिचा आवाज बदलला.

“साहेब, तिखाडी फुलावर हाय. आनखी पंधरा दिवस. बी धरलं का तिच्यातून तेल उतरत नाई, मंग बैलही तोंड लावत नाई तिले. आमचं सालभराचं काम या पंधरा दिवसाचं हाय. बाटल्या न्या, मले न्या, पन डेग राहू द्या.”

“नागपूरहून तपासणीचा निकाल आला की पाहू,” मी म्हणालो.

तिचा नवरा तेव्हा पहिल्यांदा बोलला. “बाटल्या उभ्या ठेवजा. आडव्या केल्या तं बुचातून गयते.”

तेवढेच बोलला आणि विझत्या निखाऱ्यांवर पाणी टाकू लागला.

दोघांना जामिनावर सोडले. नमुना नागपूरला पाठवला. बाटल्या मालखान्यात उभ्या ठेवल्या.

तिसऱ्या दिवसापासून ठाण्याला तो वास लागला. बंद दाराखालून यायचा, ओसरीवर पसरायचा. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणावरून दर आठवड्याला एकमेकांची गचांडी धरून येणारे दोन भाऊ त्या आठवड्यातही आले. ओसरीवर बसले, थोडा वेळ नाके वर करून गप्प राहिले आणि तक्रार न लिहिता एकाच बैलबंडीतून घरी गेले. कोठडीतल्या एका किरकोळ चोराची जमानत झाली तर तो म्हणाला, “घडीभर पडून जातो साहेब, लई दिवसानं डोया लागून राह्यला.” हे वासामुळेच झाले असे मी म्हणत नाही. रोजनामच्यात तसे काही लिहिले नाही. पण डास गेले, हे मात्र सगळ्यांनीच मान्य केले.

बाई रोज सकाळी चार मैल चालून यायची. रडायची नाही, पाया पडायची नाही. तिखाडीचे दोन तुरे माझ्या टेबलावर ठेवायची.

“हा कालचा. हा आजचा. रंग पाहा.”

पहिले दोन दिवस मला फरक कळला नाही. तिसऱ्या दिवशी कळला. तुरा तांबडा पडत चालला होता. त्या दिवशी मी नागपूरला तार केली. उत्तर आले नाही.

याच दिवसांत गावातले वैद्य ठाण्यावर आले. गावात त्यांचे मोठे प्रस्थ होते. गंधाने उपचार करीत. रोग्याला डोळे मिटायला लावत, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून तो नाकाशी धरत आणि सात श्वास मोजत. झोप न येणे, डोके उठणे, जीव घाबरणे, सगळ्यावर तोच बोळा. तेल हिमालयातल्या फुलांचे, असे ते सांगत. त्यांनी गोड आवाजात विचारले, “जप्त मालाचा लिलाव कधी असतो, ठाणेदारसाहेब? गोरगरिबांच्या उपचाराला उपयोगी पडेल. डेगही निघणार असेल तर पाहतो.”

जप्त मालाची चौकशी मालकापेक्षा आपुलकीने करणारा माणूस पोलिसाने लक्षात ठेवावा, हे मी पुढे कित्येक नव्या पोरांना सांगितले. त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला.

मग सर्कल इन्स्पेक्टर साहेबांच्या तपासणीचा हुकूम आला. त्याआधी मुद्देमाल मोजावा म्हणून मालखाना उघडला. अकरा बाटल्या होत्या. त्यांतल्या चार रिकाम्या.

हवालदारांना बोलावले. ते तीन पायऱ्या एका दमात चढून आले, तेव्हाच मला कळायला हवे होते.

“साहेब, गुडघ्याले लावलं.”

“चार बाटल्या?”

“गुडघे दोन हायत, साहेब.”

मी मुन्शीकडे आणि शिपायांकडे वळलो, तेव्हा बाकीचे हळूहळू बाहेर आले. मुन्शीच्या आईची कंबर. शिपायांचे डास. पोस्टमास्तरांची अर्धशिशी. मग पोस्टमास्तरांनी सांगितले म्हणून शिंपी, शिंप्याने सांगितले म्हणून पानवाला. अर्धी बाजारओळ सरकारी मुद्देमाल अंगाला लावून फिरत होती. मुद्देमालाची विल्हेवाट ठाण्यातच लागणे म्हणजे काय, ते मला कलमासकट पाठ होते.

तरी अहवाल लिहायचाच होता. मुन्शीने आपली पेटी उघडून प्रकरणाचे कागद काढले. निनावी पत्र हातात घेतले आणि मी थांबलो. पत्राला तोच वास होता. खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा तेलकट डाग होता, पलीकडचे बोट दिसावे असा. पहिल्या वाचनात ‘कर्तव्यदक्ष’ या शब्दापुढे मला ना तो दिसला होता, ना वास आला होता.

“ही पेटी मालखान्यात होती?”

“नाही साहेब. माझ्या खाटेखाली असते. किल्ली माझ्या करगोट्याला.”

म्हणजे आम्ही ते तेल पाहण्याच्या आधी, पत्र लिहिणाऱ्याच्या हाताला ते लागलेले होते. हितचिंतकाकडे तोच माल होता. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि मी तपासाला लागलो. तपास म्हणजे काय, तर काहीतरी निमित्त काढून बाजारात माणसांचे हात हातात घ्यायचे आणि वास घ्यायचा. शिंप्याचा हात, पोस्टमास्तरांचा हात, पानवाल्याचा हात. सगळ्यांना तोच वास. हवालदारांच्या परोपकाराने सगळे गावच संशयित झाले होते. ठाणेदार हात पाहून भविष्य सांगतात, अशी आवई मात्र उठली आणि संध्याकाळपर्यंत दोन बाया मुलींचे लग्न कधी जमेल ते विचारायला येऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाई तुरे घेऊन आली. मी पत्र तिच्यापुढे धरले. तिला वाचता येत नव्हते. तिने ते नाकाशी नेले, मग उजेडात धरले आणि डागाकडे पाहत राहिली.

“हे माहं तेल हाय. पन बाटवलेलं.”

“म्हणजे?”

“तिळाचं तेल मिसयलं याच्यात. एक कोरा कागद द्या. अन् माह्या बाटलीतला एक थेंब.” मग हवालदारांकडे पाहून म्हणाली, “उरलं असन तं.”

हवालदार खिडकीबाहेर पाहू लागले. बाईने कोऱ्या कागदावर एक थेंब टाकला. चांगला ओला डाग पडला.

“आता उद्या पाहा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कागद कोरा होता. वास होता, डाग नव्हता. मी तो उलटा-सुलटा करून पाहिला.

“खरं तेल उडून जाते, साहेब. मांगं काई ठेवत नाई. गोडं तेल मिसयलं का डाग राह्यते. आमाले कोनी फसवलं तं आमी असंच पाहतो.”

“तुमचं तेल गावात कोण घेतं?”

“वैद्यबुवा. तीन सालं त्यायलेच देल्लं. औंदा नाई म्हनलं, नागपूरच्या साबनवाल्याले देतो म्हनलं.”

“का?”

तिने हातातले तुरे टेबलावर ठेवले. “मले म्हने, बाई, हे तेल तू काढते म्हनून गावात सांगत जाऊ नको. टेकडीवरच्या गवताचं हाय म्हनलं तं लोकायले गुन येनार नाई. मी काय चोरी करून राह्यली का, साहेब? पहाटपासून धूर खातो आमी दोघं. अन् नाव हिमालयाचं.”

मी वैद्यांना निरोप पाठवला: ठाणेदारांना झोप येत नाही, तेल घेऊन यावे. ते तत्काळ आले. मी डोळे मिटून सात श्वास घेतले. बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. मग मी एक कागद पुढे केला. “यावर एक थेंब टाका आणि खाली लिहून द्या, शुद्ध हिमालयातला अर्क म्हणून. वरिष्ठांना दाखवायचा आहे.” ते खूश झाले. ऐटीत लिहिले, खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा बोलावले. टेबलावर तीन कागद मांडले होते. बाईचा कोरा. वैद्यांचा, तेलकट डागाचा आणि वळणदार अक्षराचा. आणि हितचिंतकाचा, तसल्याच डागाचा आणि तसल्याच अक्षराचा. बाई कोपऱ्यात बसली होती. मी एक शब्दही बोललो नाही. चौकशीत गप्प बसणे फार कामाचे असते. पोलीस ओरडला की माणूस उत्तर शोधतो, गप्प बसला की तो स्वतःच प्रश्न शोधू लागतो.

वैद्यांनी तीन कागद पाहिले. खिशातून कापसाचा बोळा काढला, स्वतःच्या नाकाशी धरला आणि डोळे मिटले. हवालदार हळू आवाजात मोजत होते. सातव्या श्वासाला वैद्यांनी डोळे उघडले.

“मीच लिहिलं,” ते म्हणाले. “भट्टी बंद पडली की ती पुन्हा माझ्याकडेच येईल असं वाटलं.”

“दारूची खोटी खबर देणं गुन्हा आहे,” मी म्हणालो. कलमही सांगितले.

“दारू असं मी कुठे लिहिलं?”

मी पत्र उचलले आणि वाचले. भट्टी होती. माल होता. बाटल्या होत्या. दारू हा शब्द पत्रात कुठेच नव्हता. पंचनाम्यात तो होता, सात ठिकाणी, माझ्या अक्षरात.

वैद्यांवर लावायला माझ्याजवळ कलम उरले नव्हते. शेवटी बाईच उठली.

“गुन्हा-बिन्हा तुमचं तुमी पाहा. बुवा, तुमी दुकानात पाटी लावा. तेल इथल्या टेकडीवरच्या तिखाडीचं हाय म्हनून. अन् तीळ मिसयाचं बंद.”

वैद्यांनी मान हलवली. पाटी खरोखर लागली. दोन दिवस गावात कुजबुज झाली. पण त्यांच्याकडे नेहमी येणारी एक म्हातारी, जिला मुलगा गेल्यापासून झोप नव्हती, ती पाटी वाचून घेऊन म्हणाली, “नाकाले काय मालूम, हिमालय का टेकडी? मले डोया लागते, बस झालं.” त्यानंतर त्यांच्याकडची गर्दी काही कमी झाली नाही. उलट, तेल आता जवळचे म्हणून लोक ते हक्काने मागू लागले.

वैद्यांनी कबुली दिली त्याच दिवशी दुपारी नागपूरचा निकाल आला. नमुन्यात मद्यार्क नाही. सुगंधी गवताचे तेल. मी तत्काळ डेग सोडली. बाटल्या परत करायची वेळ आली तेव्हा हवालदार हात जोडून बाईपुढे उभे राहिले. ती म्हणाली, “अकरा भेटल्या म्हनून अंगठा लावते मी. पन चार बाटल्या भरून देनार कोन?”

मी रोजनामच्यात खरे तेच लिहिले. ‘मुद्देमालात चार बाटल्यांची तूट. भरपाईकरिता ठाणेदार, हवालदार व दोन शिपाई गवत कापावयास रवाना.’ मुन्शी म्हणाला, साहेब असे वाक्य कोणी लिहीत नाही. मी म्हणालो, असे काम तरी कोणी केले आहे?

दोन दिवस आम्ही विळे चालवले. माझ्या हाताला फोड आले. हवालदार सगळ्यांत पुढे. बाईचा नवरा माझ्या हातातली पेंढी घ्यायचा, भलतेच गवत म्हणून निम्मी बाजूला टाकायचा आणि काही न बोलता निम्मी डेगेत घालायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बनियनवर, राखेने माखून, डेगेखाली लाकूड सारत होतो. टेकडीवरून बुटांचा आवाज आला आणि एक दणदणीत हुकूम ऐकू आला, “कोणी जागचं हलायचं नाही!”

सर्कल साहेब होते. बरोबर दोन पंच आणि चार शिपाई. पोलीसच नाल्यावर दारू गाळतात अशी खबर त्यांना वाटेतच मिळाली होती. हितचिंतकांचा त्या भागात तोटा नव्हता.

मी उभा राहिलो. सलाम करायला टोपी नव्हती. तिथेच धुरात उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सांगितले, चार बाटल्यांसकट आणि दारू या शब्दासकट. साहेब ऐकत होते. मध्येच त्यांनी तोंडावर रुमाल धरला. धुरामुळे असेल असे मला वाटले, मग त्यांचे खांदे हलताना दिसले. पण माझ्या सेवापुस्तकात ताकीद लिहिताना त्यांनी काही कमी केले नाही. ‘या अधिकाऱ्याने वाचलेले व वाटलेले यांतील फरक ओळखावा.’ ही ओळ निवृत्तीपर्यंत माझ्याबरोबर फिरली.

चार बाटल्या आम्ही भरून दिल्या. कागदोपत्री प्रकरण तिथे संपले. पण पंधरा दिवसांच्या हंगामातले नऊ दिवस डेग माझ्या मालखान्यात होती. पुढच्या आठवड्यात मी कामानिमित्त त्या बाजूने गेलो तेव्हा टेकडीचा वरचा अर्धा भाग न कापलेल्या तिखाडीने भरला होता. तुरे लालभडक, बी धरलेले. बाई आणि तिचा नवरा खालच्या अंगाला भट्टीची जागा साफ करत होते. मी सायकलवरून उतरलो आणि गवताकडे पाहत राहिलो.

“आता नाई उतरत काई त्यातून,” बाई म्हणाली. रागाने नाही. माहिती द्यावी तसे. “पुढच्या साली.”

त्यानंतर तीस वर्षे मी जप्त्या केल्या. बैल, बंड्या, शिवणयंत्रे, मासे धरायची जाळी, एकदा तर लग्नाचा बँड. प्रत्येक वेळी पंचनामा लिहायला घेण्याआधी समोरच्याला एक प्रश्न विचारायचो, आणि उत्तर ऐकून मगच लेखणी उघडायचो. “या वस्तूवाचून तुमचं काम किती दिवस थांबू शकतं?”